गोळी, कोष्टक आणि वारा

गेल्या हिंवाळ्यांत आपल्या शाळेच्या एन्. सी. सी. पथकांतील एक विद्यार्थी चांदमारीहून परत आला, तो हिरमुसलेला होता. पंचवीस वारांवरील लक्ष्यावर त्यानें पांच गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यांपैकीं दोनच कागदाच्या काळ्या भागांत बसल्या होत्या. कारण विचारतां तो म्हणाला, "सर, वारा होता." आणि लगेच दुसऱ्या दमांत त्यानें मलाच प्रश्न केला : "हल्लीं फोनमध्यें गोळीचा सारा हिशेब होतो म्हणतात. लक्ष्य किती दूर, हवा किती उष्ण, गोळी किती जड, एवढें भरलें कीं नेम कोठें धरावा तें यंत्रच सांगतें. मग मोठमोठे नेमबाज चुकतात तरी कां?" तेवढ्यांत तासाची घंटा झाली व माझें उत्तर अर्धेंच राहिलें. तें पुरें करण्यासाठीं, आणि त्याच्या पहिल्या वाक्याचाहि थोडा समाचार घेण्यासाठीं, हा लेख लिहीत आहें.

आरंभीं पालकांस एक शब्द. ख्रिस्ती शाळेच्या वार्षिकांत बंदुकीवर लेख कशाला, अशी शंका कोणाच्या मनांत येईल, व ती मला अयोग्य वाटत नाहीं. या शास्त्राचा जन्म युद्धाच्या गरजेंतून झाला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु मौज अशी कीं, ज्या दोन पुरुषांविषयीं मी पुढें सांगणार आहें, त्यांपैकीं एक क्वेकर पंथाच्या, म्हणजे शस्त्र हातीं धरणें निषिद्ध मानणाऱ्या, आईबापांच्या पोटीं जन्मला होता, आणि दुसरा तर दीक्षित धर्मोपदेशक होता. त्यांनीं आपल्या मनाची समजूत कशी घातली असेल, याचा विचार मुलांनीं घरीं वडील माणसांशीं बोलून करावा. येथें मला अभिप्रेत असलेली नेमबाजी ही कागदाच्या लक्ष्यावर, पंचांच्या देखरेखीखालीं, नियमांनीं बांधलेली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें पन्नास मीटर रायफलच्या स्पर्धेंत जगज्जेतेपद मिळविलें, व कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें, ती हीच विद्या. असो.

गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सिद्ध केलें कीं, फेंकलेला पदार्थ हवेचा विरोध नसल्यास अन्वस्त नांवाच्या वक्ररेषेनें जातो. आपल्या वरच्या वर्गांतील मुलांना हें समीकरण पाठ असतें. आतां त्याच समीकरणांत आजच्या रायफलीचे आंकडे घालून पाहा. नळीच्या तोंडाशीं गोळीचा वेग सेकंदास ३००० फूट धरा व नळी पंचेचाळीस अंशांवर उचला. उत्तर येतें सुमारें ५३ मैल! म्हणजे पुण्याच्या बाहेर झाडलेली गोळी खंडाळ्याचा घाट ओलांडून खालीं कोंकणांत पडावी. प्रत्यक्षांत तशी गोळी तीन मैलसुद्धां जात नाहीं. समीकरण चुकलेलें नाहीं. त्यांत हवा धरलेली नाहीं, एवढेंच. आणि हवा म्हणजे कांहींच नाहीं असें समजणें ही आपली नेहमींची चूक आहे, कारण आपण तिच्यांतून फार सावकाश चालतों.

ही चूक किती मोठी आहे, हें प्रथम मोजून दाखविलें बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें. हाच तो क्वेकर घराण्यांतला. १७४२ सालीं त्यानें तोफखान्याच्या विद्येवर एक लहानसा ग्रंथ लिहिला, व त्यांत गोळीचा वेग मोजण्याची एक अत्यंत साधी युक्ति दिली. एक जड लांकडी फळी लंबकाप्रमाणें टांगावयाची, गोळी तिच्यांत रुतूं द्यावयाची, आणि फळी किती मागें झुलली तें तिला बांधलेली फीत किती ओढली गेली यावरून मोजावयाचें. फळीचें वजन ठाऊक, गोळीचें वजन ठाऊक. संवेगाच्या नियमानें वेग निघाला. मग लंबक बंदुकीपासून अधिकाधिक दूर नेऊन त्यानें पाहिलें कीं, वाटेंत गोळी किती वेग गमावते. तेव्हां असें दिसून आलें कीं, वेगवान गोळीला हवेचा होणारा विरोध तिच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. ऑयलरसारख्या गणितज्ञानें या पुस्तकाचें जर्मन भाषांतर करून त्यावर टीका लिहिली, यावरून त्याची योग्यता कळेल. रॉबिन्सचा शेवट मात्र आपल्या देशांत झाला. ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या किल्ल्यांची दुरुस्ती करण्यासाठीं त्याला इकडे पाठविलें, आणि १७५१ सालीं कडलूरजवळ सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांत तो वारला.

दुसरे गृहस्थ रेव्हरंड फ्रान्सिस बॅशफोर्थ. केंब्रिजचे पदवीधर, वूलिच येथें तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकविणारे, व लिंकनशायरमधील एका खेड्याचे धर्मगुरु. १८६५ च्या सुमारास त्यांनीं एक यंत्र तयार केलें. मैदानांत समान अंतरांवर दोऱ्यांचे पडदे उभे करावयाचे; गोळा प्रत्येक पडद्यांतून जातांना दोरा तोडतो, त्यासरशीं विजेचा प्रवाह क्षणभर खंडित होतो, व त्या क्षणाची खूण फिरत्या नळकांड्यावरील कागदावर उमटते. अशा रीतीनें एकाच गोळ्याचा वेग वाटेंतल्या अनेक ठिकाणीं मिळूं लागला. वर्षानुवर्षें हे प्रयोग करून त्यांनीं वेगावेगांचे विरोध कोष्टकांत मांडले. पुढें फ्रान्स, इटली, रशिया, अमेरिका या देशांत याच मार्गानें काम चाललें. तोफेच्या गोळ्याचा एक मार्ग हातानें गणित करून काढण्यास कुशल गणक स्त्रीस हिशेबाचें यंत्र जवळ असूनहि सुमारें वीस तास लागत. १९४६ सालीं जगापुढें आलेल्या एनियाक या विद्युत् गणकयंत्रानें तेंच काम अर्ध्या मिनिटांत केलें. आज विद्यार्थ्यांच्या खिशांतला फोन तें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच करतो. तेव्हां माझ्या विद्यार्थ्याचें म्हणणें एका अर्थीं खरें आहे. कोष्टकें आतां सर्वांच्या हातीं आलीं आहेत, आणि तीं उत्तम आहेत.

तीं आपल्याला काय देतात तें पाहूं. १००० वारांवर, म्हणजे अर्ध्या मैलाहून बऱ्याच पुढें, एक लक्ष्य उभें आहे असें समजा. हिशेबाच्या सोयीसाठीं गोळीचा आरंभींचा वेग सेकंदास ३००० फूट व तेथपर्यंत पोंचण्यास लागणारा वेळ दीड सेकंद धरूं. चांगल्या स्पर्धेच्या रायफलीचे आंकडे याच्या आसपास असतात. या दीड सेकंदांत गोळी नळीच्या रोंखापासून सुमारें तीस फूट खालीं येते. दोन मजली घराएवढी ही उंची. म्हणून नळीचें तोंड तितकें वर करावें लागतें. परंतु तीस फूट हें ३००० फुटांच्या मानानें शंभरावा हिस्सा, म्हणजे कोन झाला सुमारें ३४ कला. पुरता एक अंशहि नाहीं, अर्ध्याहून किंचित् अधिक. (साठ कलांचा एक अंश, हें भूमितींत आलेलेंच आहे. १००० वारांवर एक कला म्हणजे साडेदहा इंच, हा आंकडा मात्र लक्षांत ठेवा, पुढें लागेल.) रायफलीवरील माशी व मागील छिद्र यांची जुळणी फिरकीच्या स्क्रूनें कलांच्या हिशेबानेंच वर-खालीं व डावी-उजवीकडे होते.

ही तीस फुटांची घसरण भीतिदायक दिसते, पण नेमबाजाला तिची मुळींच भीति वाटत नाहीं. गुरुत्वाकर्षण काल होतें तेवढेंच आज आहे. हवा उष्ण असली कीं विरळ होते, डोंगरावर ती आणखी विरळ असते, आणि मग गोळी थोडी वर लागते. पण उष्णतामापक व वायुभारमापक पाहून कोष्टकांत त्याचा मेळ घालतां येतो. नळीच्या आंतील पिळाच्या खांचांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरते व त्यामुळें एका बाजूस कांहीं इंच सरकते. पृथ्वीच्या भ्रमणाचाहि थोडासा परिणाम होतो. तेंहि हिशेबांत बसतें. जें नियमित आहे तें कितीहि मोठें असलें तरी त्याचा बंदोबस्त करतां येतो.

आतां वारा.

वारा गोळीला बाजूला नेतो, हें सर्वांना ठाऊक आहे. पण कसा नेतो, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. माझ्या वर्गांत मीं विचारलें तेव्हां बहुतेकांनीं असा हिशेब केला : वारा ताशीं दहा मैल, म्हणजे सेकंदास १४.६७ फूट, गोळी हवेंत दीड सेकंद, म्हणून ती २२ फूट वाहून जाणार. नदींत सोडलेल्या लांकडाला हा हिशेब लागू पडतो, गोळीला नाहीं. गोळी आपल्या टोंकावर अशी तोललेली असते कीं, तिचें नाक समोरून येणाऱ्या हवेकडे वळतें. बाजूचा वारा असला कीं, गोळीच्या दृष्टीनें हवा नेमकी पुढून न येतां किंचित् तिरपी येते, व नाक तेवढेंसें वाऱ्याकडे वळतें. मग हवेचा विरोध त्या नाकाच्या दिशेनें मागें ढकलतो. तो ढकलणें मागच्या बाजूस, पण सरळ मागें नव्हे, तर थोडें तिरपें. या तिरपेपणांतून गोळी बाजूला सरकते. याचा अर्थ असा कीं, हवेचा विरोध मुळींच नसता, तर वाऱ्यानें गोळी तसूभरहि हलली नसती. वारा गोळीला किती हलवितो, हें ती हवेंत किती वेळ आहे यावर नव्हे, तर हवेनें तिला किती उशीर लावला यावर अवलंबून आहे.

डिडियन या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखलें जाणारें सूत्र हेंच सांगतें. विरोध नसता तर ३००० फूट जाण्यास गोळीला एक सेकंद लागला असता. प्रत्यक्षांत दीड सेकंद लागला. उशीर अर्धा सेकंद. त्याला वाऱ्याच्या वेगानें गुणा : १४.६७ चे अर्धे ७.३३ फूट, म्हणजे ८८ इंच. बावीस फूट नव्हे, सवासात फूट. सूत्र इतकें सोपें व सुंदर आहे कीं, तें प्रथम वाचलें तेव्हां मीं पुस्तक मिटून दोन वेळां स्वतः हिशेब करून पाहिला.

या सूत्रांतून एक चमत्कारिक गोष्ट निघते. आपल्या पथकांत वापरतात त्या लहान, म्हणजे .२२ च्या, रायफलीचीं काडतुसें दोन प्रकारचीं मिळतात : एक ध्वनीच्या वेगापेक्षां थोडें मंद, व दुसरें त्याहून वेगवान. कोणीहि म्हणेल कीं वेगवान गोळी वाऱ्यांत कमी हलेल. वस्तुस्थिति उलट आहे! ध्वनीच्या वेगाच्या जवळपास हवेचा विरोध एकदम वाढतो. वेगवान गोळी त्या पट्ट्यांत आपला वेग भराभर गमावते, म्हणजे तिचा उशीर अधिक, म्हणून ती वाऱ्यानें अधिक हलते. स्पर्धेचीं काडतुसें मंद असतात, त्याचें हें एक कारण.

दहा मैलांच्या वाऱ्यास ८८ इंच, तर एका मैलाच्या वाऱ्यास ८.८ इंच. इंग्लंडांतील सरे परगण्यांत बिस्ली येथें नेमबाजीचें जुनें व मोठें मैदान आहे. तेथें १००० वारांवरील लक्ष्याच्या मध्यवर्तुळाचा व्यास सुमारें दोन फूट असतो. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत बारा इंच. तेव्हां हात दगडासारखा स्थिर असला, रायफल निर्दोष असली, कोष्टक अचूक असलें, तरी वाऱ्याच्या अंदाजांत ताशीं दीड मैलाची चूक झाली कीं गोळी वर्तुळाच्या बाहेर. दीड मैल म्हणजे किती? गालाला जाणवेल न जाणवेल इतकी झुळूक. फोन हें गणित क्षणांत करील, पण वारा किती तें त्याला तुम्हीं सांगावयाचें असतें. मुठींत मावणारे वायुवेगमापक मिळतात व ते चांगले असतात. परंतु ते तुमच्या हाताजवळचा वारा मोजतात. पांचशें वारांवर, वाटेंतल्या ओढ्याच्या वर, दहा फूट उंचीवर काय चाललें आहे (गोळी मध्यंतरीं साधारण तितकी उंच जाते), तें त्यांना कळत नाहीं.

निकदेमाला सांगितलेलें वाऱ्याविषयींचें वाक्य आपण सर्वांनीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकलें आहे. त्याचा अर्थ आध्यात्मिक आहे. पण त्याचें बाह्य अंग नेमबाजाला अक्षरशः पटेल.

वाऱ्याचा वेग एवढाच प्रश्न नाहीं, दिशाहि आहे. नेमबाज आपण घड्याळाच्या मध्यावर पडलों आहों व लक्ष्य बाराच्या आंकड्यावर आहे असें मानतात. तीनाकडून किंवा नवाकडून येणारा वारा पुरा लागतो. बारा किंवा सहाकडून येणारा बाजूला मुळींच ढकलीत नाहीं. मधल्या दिशांसाठीं त्रिकोणमितींतील भुजज्या, जिला आपण वर्गांत साइन म्हणतों, तिचा उपयोग करावा. येथें मुलें हटकून चुकतात. पूर्ण व शून्य यांच्या मधोमध पंचेचाळीस अंश, म्हणून तेथें वारा निम्मा लागेल असें त्यांना वाटतें. परंतु साइन ४५ अंश म्हणजे ०.७, निम्मा वारा तीस अंशांवर, म्हणजे एकाच्या किंवा अकराच्या आंकड्यावर मिळतो. ज्यांना "साइन शिकून पुढें काय उपयोग" असें विचारण्याची संवय आहे, त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.

आणि आतां पुढची गंमत पाहा. कोणता वारा सर्वांत त्रासदायक? नवशिका म्हणतो, तीनाकडून येणारा जोराचा वारा. मुरलेला नेमबाज म्हणतो, समोरून येणारा. समोरचा वारा तर शून्य लागतो, मग असें कां? दहा मैलांचा वारा नेमका तीनाकडून येत असतां दहा अंश इकडे-तिकडे झाला, तर त्याचा परिणाम शेंकडा दीडनेंच बदलतो; ८८ इंचांत सव्वा इंचाचा फरक, कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. तोच वारा बाराकडून येत असतां दहा अंश डावीकडे वळला, तर साइन १० अंश ०.१७, गोळी पंधरा इंच एका बाजूस जाईल. दहा अंश उजवीकडे वळला, तर पंधरा इंच दुसऱ्या बाजूस. दोन गोळ्यांत तीस इंचांचें अंतर, आणि पताका तर दोन्ही वेळां नेमबाजाकडेच फडफडतांना दिसते! माशाच्या शेपटीप्रमाणें डावी-उजवी हलणाऱ्या अशा वाऱ्यांत अनुभवी माणूस पुष्कळदां गोळी झाडीतच नाहीं. नियमानें वेळ असेतों वाट पाहतो.

वारा वाचावयाचा तो कशावरून? पहिलें साधन पताका. मैदानाच्या बाजूंना उंच खांबांवर त्या लावलेल्या असतात. एक जुना ढोबळ नियम असा कीं, पताका व खांब यांच्यामधील कोनाचे जितके अंश असतील त्यांना चारानें भागावें, म्हणजे वाऱ्याचा वेग ताशीं मैलांत येतो. कोन चाळीस अंश, तर वारा दहा मैल. नियम उपयोगी आहे, पण पताकेचें कापड जाड-पातळ असतें, आणि पावसानें भिजलेली पताका धडधडीत खोटें बोलते. शिवाय पताका जड म्हणून ती वाऱ्याच्या मागून हलते. वारा थांबल्यावरहि क्षणभर ती फडफडत राहते. कोणती पताका पाहावी, याबद्दल मतभेद आहेत. गणित सांगतें कीं, बंदुकीच्या जवळचा वारा जास्त महत्त्वाचा, कारण तेथें मिळालेला तिरपा वेग घेऊन गोळीला पुढचा सारा मार्ग चालावयाचा असतो. तरीहि जवळची पताका टेकाडाच्या किंवा झाडांच्या आडोशाला असली, तर मधली पताका अधिक प्रामाणिक असते. हें त्या त्या मैदानावर बसूनच शिकावें लागतें.

दुसरें साधन मला स्वतःला फार आवडतें. चैत्र-वैशाखांत नांगरलेल्या काळ्या रानावर दुपारीं हवा थरथरतांना तुम्हीं पाहिली असेल. दुर्बिणींतून ती फार स्पष्ट दिसते. दुर्बीण लक्ष्यावर न रोंखतां थोडी अलीकडे रोंखली, म्हणजे वाटेंतल्या हवेचे तरंग दिसूं लागतात. वारा अगदीं मंद असला तर हे तरंग तिरपे वर चढतात. जरा वाढला कीं अधिक कलतात. आठ-दहा मैलांच्या वाऱ्यांत ते नदीच्या प्रवाहाप्रमाणें आडवे वाहतात, व त्यापुढें वेग वाढला तरी ते आडवेच राहतात, म्हणून तेथें या साधनाचा उपयोग संपतो. पताका जेथें हलतहि नाहीं अशा मंद वाऱ्यांत हे तरंग बोलतात, हा त्यांचा विशेष. आणि ते चुलीवरच्या पाण्यासारखे सरळ वर उकळूं लागले, तर समजावें कीं या क्षणीं बाजूचा वारा शून्य आहे, पण बहुधा दिशा बदलण्याच्या बेतांत आहे. त्या क्षणीं बोट आंवरावें.

गवत, पानें, धूळ, दूरच्या घरांतून निघणारा धूर, हीं साधनें शेतकऱ्याला ठाऊक असतातच. उफणणी करतांना वारा केव्हां धरेल व केव्हां पडेल, हें ओळखणारी माणसें आपल्या खेड्यांतून आहेत; त्यांच्या हातीं कोष्टक दिलें तर तीं उत्तम नेमबाज होतील, अशी माझी खात्री आहे.

या विद्येचें मोठें मंदिर म्हणजे वर सांगितलेलें बिस्ली. इंग्लंडच्या राष्ट्रीय रायफल संघाची पहिली स्पर्धा १८६० सालीं विंबल्डनच्या माळावर झाली. पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीनें ४०० वारांवरून झाडली, व ती लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर लागली. वर्तमानपत्रांना मोठा आनंद झाला. परंतु रायफल आधींच एका यांत्रिक घोडीवर नेम धरून घट्ट बसविलेली होती, व राणीनें केवळ रेशमी दोरी ओढली. १८९० पासून ही स्पर्धा बिस्लीला भरते. तेथील मुख्य पारितोषिक राजाच्या किंवा राणीच्या नांवानें ओळखलें जातें, व त्याची शेवटची फेरी ९०० व १००० वारांवर होते. १९३० सालीं तें मार्जोरी फॉस्टर या कोंबड्यांचा व्यवसाय करणाऱ्या बाईनें एका गुणानें जिंकलें. तें मिळविणारी ती पहिली स्त्री. आमच्या मुलींनीं हें विसरूं नये.

त्या मैदानावर नेमबाजाजवळ एक वही असते, आणि मला वाटतें सर्व विद्येचें सार त्या वहींत आहे. गोळी झाडण्यापूर्वीं तो वाऱ्याचा आपला अंदाज कलांत लिहितो. गोळी सुटतांच, ती कोठें लागली हें कळण्यापूर्वीं, बोट दाबलें गेलें त्या क्षणीं माशी कोठें होती तेंहि तो नोंदतो : नेमकी मध्यावर, कीं जराशी डावीकडे. मग लक्ष्य खालीं जातें, पंच भोंकावर खूण लावतात, लक्ष्य वर येतें. आतां त्याच्यापुढें दोन नोंदी व एक वस्तुस्थिति आहे. माशी मध्यावर होती व गोळी आठ इंच उजवीकडे लागली, तर वाऱ्याचा अंदाज सुमारें एका मैलानें चुकला. पुढच्या वेळीं सुधारावा. परंतु माशीच उजवीकडे होती, तर दोष वाऱ्याचा नाहीं, हाताचा आहे. अशा वेळीं जुळणी फिरविली तर पुढची गोळीहि चुकणार. ज्यानें आपल्या हाताचा दोष वाऱ्याच्या खात्यांत लिहिला, त्याची सगळी वही त्या ओळीपासून खोटी होते, व त्याचा वारा शिकण्याचा मार्गच बंद होतो.

हातापेक्षांहि साध्या चुका होतात. १८७४ सालीं न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथें आयर्लंड व अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० व १००० वारांवर मोठी लढत झाली. अमेरिकेचे ९३४ व आयर्लंडचे ९३१ गुण झाले. एका आयरिश नेमबाजाची एक गोळी अगदीं मध्यावर बसली होती, व तिला चार गुण मिळावयाचे. पण ती शेजारच्या लक्ष्यावर बसली होती! तिला शून्य मिळालें, आणि सामना तीन गुणांनीं गेला. तिथें त्यानें कोणत्या वाऱ्याला दोष द्यावा?

आतां माझ्या विद्यार्थ्याकडे वळूं. हें सर्व सांगून झाल्यावर मीं त्याला .२२ च्या गोळीचे आंकडे दिले : आरंभींचा वेग सेकंदास १०७० फूट, पंचवीस वारांवर तो सुमारें १०३०, दहा मैलांच्या बाजूच्या वाऱ्यांत गोळी किती हलेल तें काढ. तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं, प्रार्थनेच्या आधींच, वही घेऊन आला. त्यानें सरासरी वेग १०५० धरून ७५ फुटांस लागणारा वेळ काढला होता, विरोध नसतां लागणारा वेळ वजा केला होता, आणि उशीर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहून थोडा अधिक आणला होता. उत्तर : पाव इंचाच्या आसपास. त्याच्या तीन गोळ्या मध्यापासून दोन-अडीच इंच दूर गेल्या होत्या. तो थोडा वेळ गप्प उभा राहिला, मग म्हणाला, "सर, त्या दिवशीं वारा दहा मैलसुद्धां नव्हता." मीं कांहींच बोललों नाहीं. जानेवारींत तो पुन्हां चांदमारीला गेला, तेव्हां त्यानें एक लहान वही बरोबर नेली, व परत आल्यावर ती मला दाखविली. पांचांपैकीं तीन गोळ्या आंत होत्या. बाहेरच्या दोहोंपुढें पेन्सिलीनें लिहिलें होतें : "बोट झटक्यानें ओढलें."

ज्यांच्याजवळ रायफल नाहीं, आणि ती बहुतेकांजवळ नसावीच, त्यांनीं पुढील प्रयोग करावा. एका सहा फुटी बांबूच्या टोंकाला हातभर लांबीची हलकी रेशमी फीत बांधा व तो शाळेच्या क्रीडांगणाच्या मध्यावर रोंवा. जाड पुठ्ठ्याचा कोनमापक करून बांबूच्या वरच्या टोंकाशीं बसवा. रोज मधल्या सुट्टींत प्रथम केवळ गालावरच्या स्पर्शावरून व झाडांच्या पानांवरून वाऱ्याचा वेग व दिशा यांचा अंदाज लिहा. नंतर फितीचा कोन पाहून चारानें भागा. शेवटीं प्रयोगशाळेंतील वायुवेगमापकानें मोजा. तीनहि आंकडे एका ओळींत मांडा. फीत पताकेपेक्षां हलकी असल्यामुळें चाराचा भाजक तिला लागू पडणार नाहीं. पंधरा दिवसांच्या नोंदींवरून तुमच्या फितीचा भाजक तुम्हीं स्वतः काढा. पहिला अंदाज मात्र शाईनें लिहावा, म्हणजे मागाहून खोडतां येणार नाहीं.